निळी वही कोणाची?

१

पेटीचं कुलूप शाबूत होतं. किल्ली दामिनीच्या कमरेला होती. पेटी उघडली तेव्हा आत प्रितमचं काळं जॅकेट होतं, गोळ्यांच्या अर्धवट पट्ट्या होत्या, एक टॉवेल होता. निळी वही नव्हती.

प्रितमला जाऊन सात दिवस झाले होते. घरात सुतक होतं. पण त्याचा मॅनेजर अमर याने हे सगळं मोबाईलच्या कॅमेऱ्यात घेतलं. आधी रिकामी पेटी दाखवली, मग किल्ली, आणि मग कॅमेरा सावकाश दामिनीच्या तोंडावर नेऊन तिथेच धरून ठेवला. ती कधी रडते याची तो वाट पाहत होता, हे त्या व्हिडिओत दिसत होतं. ती रडली नाही.

संध्याकाळपर्यंत देशभर तो व्हिडिओ फिरला. ‘रॉकस्टार प्रितमची शेवटची गाणी सख्ख्या बहिणीने चोरली.’ खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. हिला बेड्या घाला. हिचं घर जाळा. लिहिणाऱ्यांपैकी एकालाही दामिनी सेलोकर कोण हे माहीत नव्हतं.

तेजराम हटवारने तो व्हिडिओ भंडाऱ्यात आपल्या लाऊडस्पीकरच्या दुकानात बसून पाहिला आणि मोबाईल पालथा ठेवला. तेवढ्यात तो वाजला.

“काकाजी, मी दामिनी. मले चोर म्हणून राहिले.”

“पाह्यलं मीनं.”

“दहाव्यापर्यंत वही नाही देल्ली तं अमर पोलिसात जाते म्हणते. तुम्ही या जी. इथं कोणी माह्याशी बोलून नाही राहिलं.”

तेजराम पोलीस नव्हता. चाळीस वर्षं तो लग्नात आणि दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळात, माईकसेट लावायचा. सेटमागे बसलेल्या माणसाकडे कोणी पाहत नाही, तो मात्र सगळ्यांना पाहत असतो. मांडवातून गेलेले दागिने त्याने तीनदा शोधून दिले होते, आणि तेव्हापासून लोक त्याला बोलवायचे. बायको गेल्यापासून, म्हणजे आठ महिन्यांपासून, तो कुठेच गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने प्रितमच्या गावची, करडीची एसटी धरली.

२

मेलेल्या माणसाच्या घरी लोक कसे वागतात हे तेजरामला माहीत होतं. त्याची बायको कौशल्या गेली तेव्हा त्याने ते पाहिलं होतं. तरी करडीत जे दिसलं ते तेव्हाही दिसलं नव्हतं.

अंगणात पन्नासेक पोरं होती. प्रितम ज्या बाजेवर पडून होता ती बाहेर उभी करून ठेवली होती, आणि पोरं तिच्याजवळ उभी राहून फोटो काढत होती. बाजेची सुतळी जागोजागी तुटलेली होती. एकाने तेजरामसमोर एक तुकडा कापला आणि मनगटाला बांधला.

“काय करून राहिला रे?”

“आठवण आहे, अंकल.”

“त्याच्यावर तो हगला होता, तीन दिवस,” तेजराम म्हणाला. पोरगा हसला. त्याला तेही मोठं वाटलं असावं.

प्रितम सेलोकर एकोणचाळिसाव्या वर्षी गेला. करडीच्या दंडारीत बारा वर्षांचा असताना उभा राहिला, मग भंडाऱ्याच्या ऑर्केस्ट्रात आला, तिथून नागपुरात गेला, आणि तिथे त्याने ‘धुरा’ नावाचा बँड काढला. मराठीत रॉक म्हणणारा, केस कमरेपर्यंत, गळ्याची शीर तटतटून येईपर्यंत ओरडणारा. मुंबईच्या मैदानात एकेका कार्यक्रमाला लाख माणूस. त्याने स्टेजवर गिटारी फोडल्या, माईकवर थुंकला, एकदा पहिल्या रांगेवर ओकला. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या. शेवटी लिव्हर गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा तो तीन आठवडे आईच्या घरी येऊन पडला.

मॅनेजर अमर नागपूरचा होता. सुतकाच्या घरात अत्तर लावून बसला होता.

“काकाजी, सीधी बात आहे,” तो म्हणाला. “कुलूप तुटलं नाही. किल्ली एकाच बाईजवळ. आता आणखी काय पाहिजे?”

“वही तूनं पाह्यली होती?”

अमरने मोबाईलवर दाखवलं. हळदीसारखे पिवळे डोळे झालेला प्रितम बाजेवर बसला होता, छातीशी निळं रजिस्टर धरून. “यात नऊ गाणी आहेत. माझी. मी गेल्यावर काढ,” तो म्हणत होता.

“उघडून दाखवली?”

“नाही. पेटीत ठेवली, कुलूप लावलं, किल्ली बहिणीले देल्ली. मग मी नागपुरात गेलो, तो वारल्यावर सहाव्या दिवशी आलो.”

तेजरामने मग एक जुनी मुलाखत लावायला सांगितली. प्रितमचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं, ‘मागं मागं सरत जातो आम्ही, पुढं हिरवं होत जाते.’ ही ओळ पोरांच्या बनियनवर छापलेली होती. मुलाखतवाली बाई विचारत होती, या ओळीत पराभव आहे की बंड? प्रितमने चष्मा वर केला. “लहानपणी आईसोबत रोवण्याला जायचो. चिखलात एकेक पाऊल पुढे टाकत जायचो. तेव्हाच सुचलं.”

“पुन्हा लाव,” तेजराम म्हणाला.

त्याने ते तीनदा ऐकलं. मग तो उठून अंगणाबाहेर गेला. या माणसाला आपण काय गातो हे कधी कळलंच नव्हतं.

३

रोवणा बाया करतात. गडी परहे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटून पेंढ्या बांधून देतो, धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून फेकतो. बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या खाचरात, वाकून धानाचं रोप चिखलात खोचते ती बाई, आणि ती कधी पुढे चालत नाही. पुढे चालली तर लावलेलं तुडवलं जाईल. ती मागे मागे सरकते, आणि तिच्यासमोर बांधी हिरवी होत जाते. कौशल्या पहिली दहा वर्षं रोवण्याला जायची. रात्री तिच्या बोटांना तेजराम तेल लावून द्यायचा.

ती ओळ पराभवाची नव्हती आणि बंडाचीही नव्हती. ते एक काम होतं. लिहिणारी ते काम केलेली होती.

प्रितमची बायको रक्षा पुण्याची. ती भंडाऱ्याला लॉजवर उतरली होती, दिवसा येऊन गाडीत बसायची. तेजराम काचेजवळ गेला.

“ताई, प्रितम गाणी कधी लिहायचा?”

रक्षाने काच खाली केली. “नऊ वर्षांत मी त्याच्या हातात पेन पाहिलं नाही. सही करायला तेवढं घ्यायचा. मोबाईल घेऊन बाथरूममध्ये जायचा आणि गाणं घेऊन बाहेर यायचा. मला वाटलं, बाहेर कोणीतरी आहे. एकदा तो नंबर मीच लावला. पलीकडून बाईचा आवाज. ती म्हणाली, तो जेवला का?”

“मग?”

“मग काय? नणंद निघाली.” ती हसली, पण ते हसू नव्हतं. “तेव्हापासून मला माहीत आहे. मी गप्प बसले. गाडी, घर, सगळं त्या गप्प बसण्यावरच चाललं होतं. घाण वाटते ना तुम्हाला? मलाही वाटते.”

दामिनी मागच्या परसात भांडी घासत होती. त्रेचाळीस वर्षांची, नवऱ्याने टाकल्यापासून माहेरीच. आईची शेती तीच पाहायची.

“वही तुही होती,” तेजराम म्हणाला.

तिचा हात थांबला.

“काहून सांगतलं नाही?”

“त्यानं शपथ देल्ली होती. लहानपणापासून. मी लिहावं, त्यानं म्हणावं.” ती पुन्हा घासायला लागली. “आणि काकाजी, तुम्हीच तं म्हटलं होतं.”

“मीनं? काय?”

“दंडारीत. माईक तुमचा होता. आम्ही दोघं भाऊबहीण आलो होतो गाणं म्हणायले. तुम्ही म्हटलं, पोट्टीले माईकजवळ नको आणू, लोकं हसतीन. मंग मी पडद्याच्या मांगून त्याले शब्द सांगत होती.”

तेजरामला आठवत नव्हतं, हे जास्त वाईट होतं.

“वही तूनं घेतली?” त्याने विचारलं.

“माहीच वही मी चोरू कायले? आणि घेतली असती तं पोलीस येईपर्यंत थांबली असती का?”

तिला दोन दिवस उरले होते.

४

पेटी प्रितम गेला त्या खोलीतच होती. जिथे त्याला शेवटी खाली उतरवलं, तिथे पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घातली होती, आणि बाजूला दिवा होता. दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो. दिव्याजवळ प्रितमची आई धुरपताबाई बसून होती, वात सारायला हातात दाभण घेऊन. गेल्या आठ दिवसांत ती त्या खोलीतून आंघोळीपुरतीच उठली होती, असं सगळे सांगत होते.

“बाई, पेटी पाहतो जरा.”

“पाहा न,” म्हातारी म्हणाली. तिने वर पाहिलं नाही.

कुलपावर ओरखडा नव्हता. कुलूप जुनं, पितळी, मजबूत. इथपर्यंत अमरचं बरोबर होतं. सगळ्यांनी कुलूपच पाहिलं होतं, कारण कॅमेरा तिथे धरला होता. तेजरामने पेटी भिंतीपासून हातभर ओढली आणि मागून पाहिलं.

मागे दोन कब्जे होते. पत्र्याच्या पेटीचे कब्जे गंजतात, आणि हे दोन्ही गंजलेले होते. पण त्यांच्यातून जाणारी तार लखलखत होती. ती कोणीतरी दाभणाने ठोकून बाहेर काढली होती आणि पुन्हा घातली होती. तार काढली की झाकण मागून उचलता येतं, कुलूप पुढे लटकतच राहतं.

जिच्याजवळ किल्ली आहे ती कब्जे काढत बसत नाही. किल्ली नसलेला माणूस ते करतो.

दामिनी सुटली होती. पण अमर म्हणेल, हे तिनेच मुद्दाम केलं. नुसतं एवढं सांगून भागणार नव्हतं. वहीच सापडायला हवी होती.

तारेला तेल लागलेलं होतं, चिकट. तेजरामने बोट नाकाशी नेलं. दुकानातलं मशीनचं तेल नव्हतं. स्वयंपाकात आता घरोघर सोयाबीनचं असतं, तेही नव्हतं. वास जवसाचा होता.

त्याने मान वळवली. दिव्यातही जवसाचंच तेल होतं.

५

“बाई,” तेजराम दिव्याच्या या बाजूला बसला. “अमर सहाव्या दिवशी आला. पोरं येतात ती अंगणातच. सूनबाई खोलीत येतच नाही. दामिनीजवळ किल्ली. या खोलीत तेल, दाभण आणि सवड एकाच माणसाजवळ होती.”

धुरपताबाई वात सारत राहिली.

“आणि तुमची बियाण्याची ढोली पाह्यली मीनं, ओसरीवर.”

ढोली म्हणजे बांबूची मोठी कणगी. म्हातारी दरवर्षी चिन्नोर धानाचं स्वतःचं बी तिच्यात भरायची, तोंड शेणमातीने लिपायची, आणि ते थेट पेरणीला फोडायची. आता मार्च होता. लिंपण डिसेंबरचं, वाळून भेगाळलेलं असायला हवं होतं. होतंही, पण मधे ताटाएवढा भाग गडद होता, अजून पुरता न वाळलेला. आणि सुतक असलेल्या घरात कोणी लिंपण करत नाही, शेणाला हातही लावत नाही.

“जाळून काहून नाही टाकली?” त्याने विचारलं.

आता म्हातारीने वर पाहिलं. “कशी जाळू? घरात चूल कोठं पेटून राहिली? दहा दिवस शेजारचे डबे येतात. दहावा झाला का चूल पेटन. मंग जाळते.”

“तुम्हाले तं वाचता येत नाही.”

“नाही येत. पण बचत गटाचं रजिस्टर दामिनी लिहिते, तिचं अक्षर गावातलं लेकरू वळखते. वही उघडली असती का लोकांनी म्हटलं असतं, प्रितम खोटा होता. तो मेला, तेजराम. मेलेल्या माणसाजवळ नावाशिवाय काय राहते?”

“आणि पोरगी? तिले चोर म्हणून नेतीन.”

“ते जित्ती आहे. ते निभवून नेईन. आजपर्यंत तिनंच निभवलं.”

तेजरामला किळस आली. अंगणातल्या पोरांची आली त्याहून जास्त आली, कारण इथे माया होती, आणि त्याच मायेने हे करवलं होतं. त्याच्या घरीही कौशल्याचे चांगले फोटो त्याने लावले होते आणि आजारपणातले फाडले होते. तो उठला.

“परवा दहावा आहे. तुम्ही सांगा बाई, नाही तं मी सांगतो.”

“तू सांग,” म्हातारी म्हणाली. “मी म्हणन का तू खोटा आहे. ढोलीले हात लावशीन तं अंगणात डोकं आपटून घेईन. त्या पोट्ट्यांच्या कॅमेऱ्यासमोर.”

आणि ती तसं करेल, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

६

दहाव्याला कारध्याच्या घाटावर गर्दी मावत नव्हती. वैनगंगेच्या वाळूवर पिंड मांडला होता. कावळे पलीकडच्या झाडांवर बसले होते, एकही इकडे येत नव्हता. तास झाला.

अमर कॅमेऱ्यासमोर उभा होता. “दोस्तहो, भावाचा जीव अडकला आहे. वही मिळाल्याशिवाय कावळा शिवणार नाही.” मग दामिनीकडे वळून म्हणाला, “ताई, दे न आता. भाऊ उपाशी चालला आहे.”

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, “चोर!” मग पुष्कळजण ओरडले. एक चप्पल दामिनीच्या पायाजवळ पडली. ती जागची हलली नाही.

तेजराम पुढे आला. “अमर, वर काय भिरभिरून राहिलं?”

“ड्रोन आहे. वरून शूटिंग.”

“ते उतरव. मशीन डोक्यावर फिरत असन तं कावळा काय मरायले येईन का?”

लोक हसले. अमरला उतरवावंच लागलं. घरघर थांबली, आणि थोड्या वेळात एक कावळा आला, पिंडाला चोच मारून गेला. तेरा मिनिटांत सगळं मिटलं. वहीचा, जिवाचा, भावाच्या भुकेचा कुठेच संबंध नव्हता.

अमरचं तोंड लाल झालं. “ठीक आहे. गाडी काढा. हिला घेऊन आता सरळ पोलीस स्टेशन.” त्याच्या दोन माणसांनी दामिनीच्या दंडाला धरलं. तिने मान वळवून आईकडे पाहिलं.

तेजराम बोलणार तेवढ्यात धुरपताबाई वाळूतून उठली. दोनदा पडली, कोणी हात दिला तो झटकला.

“सोडा तिले,” ती म्हणाली. “वही मीनं घेतली. कब्जे काढून. घरी ढोलीत आहे.”

कॅमेरे तिच्याकडे वळले. पुढचा प्रश्न कोणी विचारण्याआधीच तिने सांगून टाकलं. “गाणी माह्या पोरीची होती. पोरगा नुसता म्हणत होता. ते लपवाले मी चोरी केली.”

घरी परतल्यावर ओसरीवर तिने स्वतःच्या हाताने लिंपण फोडलं. चिन्नोरचं बी भळभळून जमिनीवर आलं आणि त्यात निळं रजिस्टर आलं. अमरने ते आधी झडप घालून उचललं. पानं उलटली. गावातली एक बाई त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली, “हे तं दामिनीचं अक्षर.”

अमरने वही मिटली. एक बिडी पेटवायला लागतो तेवढ्याच वेळात त्याचा चेहरा पालटला.

“ताई! ये तो और बडी बात है. रॉकस्टारची खरी आवाज! कॅमेरा इकडे घे रे. ताई, तुम्ही फक्त एवढं म्हणा, भावानं मले शिकवलं. अम्माजींचं आपण काढून टाकू. कोणी हार आणा रे, ताईसाठी हार आणा!”

मघाशी चोर म्हणून ओरडलेलं एक पोरगं खरंच हार घेऊन आलं. प्रितमच्या फोटोचाच काढून आणला होता. तेजराम अंगणाच्या कडेला जाऊन थुंकला. रक्षा गाडीतून उतरली नव्हती, पण काच खाली करून पाहत होती.

दामिनीने हात पुढे केला. “पहिले वही.”

अमरने दिली.

“आता कॅमेऱ्यात सांग, दामिनी सेलोकर चोर नोहोती. मी खोटं बोललो.”

“ताई, ते आपण नंतर...”

“आता.”

त्याने सांगितलं. तिने दोनदा सांगायला लावलं, दुसऱ्यांदा नाव मोठ्याने.

“आणि गाणी?” अमरने विचारलं. “कोणाच्या आवाजात करायची? मुंबईत दोन पोरी आहेत, झकास...”

“मीच म्हणीन.”

“तुम्ही?”

“हो. तुह्यासाठी नाही. जा आता, घरात सुतक आहे.”

तिने वही पदराखाली घेतली आणि शेताकडच्या वाटेने निघाली. गर्दी तिच्यामागे चार पावलं गेली. तिने वळून पाहिल्यावर थांबली.

धुरपताबाई ओसरीवर सांडलेलं बी दोन्ही हातांनी गोळा करत होती. तेजराम खाली बसला आणि भरू लागला.

“माह्याशी बोलन का ते?” म्हातारीने विचारलं.

“आज नाही, बाई.”

“उद्या?”

तेजरामजवळ खोटं तयार नव्हतं. “मले नाही मालूम,” तो म्हणाला आणि ओंजळभर बी ढोलीत टाकलं.